गिअर पडत नाहीं

जुन्या जीपगाडीचा गिअर पडत नाहीं, ही तक्रार अर्धापुरांत मृग लागल्यापासून पोळ्यापर्यंत जितकी ऐकूं येते, तितकी वर्षाच्या इतर महिन्यांत येत नाहीं. ह्याचें कारण शोधावयास फार दूर जावें लागत नाहीं. नांदेडहून नागपूरकडे जाणारा महामार्ग गांवाला लागूनच जातो, आणि त्यावर आजकालच्या सुबक मोटारी बारा महिने सुखानें धांवतात. परंतु महामार्ग सोडून केळीच्या अगर हळदीच्या शिवारांत उतरलें कीं काळी जमीन सुरू होते. ही जमीन उन्हाळ्यांत हात जाईल एवढ्या भेगा पाडून बसते, आणि पाऊस पडतांच फुगून तिचा असा लगदा होतो कीं बैलाचा पाय गुडघ्यापर्यंत रुततो. केळीचे घड कापणीला येतात ते नेमके ह्याच दिवसांत. कापलेला घड शेतांत पडून राहिलेला परवडत नाहीं. मालाचा ट्रक सडकेवर उभा असतो, त्याला उत्तरेकडचा बाजार गांठावयाचा असतो, आणि मधली दीड कोसाची वाट चारी चाकांनीं ओढणाऱ्या गाडीवांचून उरकत नाहीं. ट्रॅक्टर सर्वांकडे नसतो, व असला तरी त्या दिवसांत तो दुसऱ्याच्या रानांत गुंतलेला असतो. अशा वेळीं पन्नास वर्षांची जुनी जीप उपयोगी पडते, आणि अशाच वेळीं तिचा गिअर पडत नाहीं.

हें वाक्य वरवर पाहतां अगदीं सरळ आहे. परंतु मोटारीच्या दुखण्यांत त्याच्याइतकें फसवें वाक्य दुसरें नसेल. पोट दुखतें असें म्हणणाऱ्या मुलाला ज्याप्रमाणें भूकहि लागलेली असूं शकते, अजीर्णहि झालेलें असूं शकतें व शाळाहि नको असूं शकते, त्याप्रमाणें ह्या एका वाक्यांत निदान चार निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असतात. गाडीचा मालक त्या चारहि एकाच शब्दांत सांगतो, ऐकणारा त्यांतली आपणांस सोयीची तेवढी ऐकतो, आणि मग गिअरबॉक्स उगाचच खोलला जातो.

आमच्याकडील जीपनें यंदा मृगाच्या तोंडीं अशा सर्व तक्रारी एकदम मांडल्या. पहिला व रिव्हर्सचा गिअर टाकतांना दांत्यांचा असा कर्कश आवाज होई कीं गोठ्यांतलीं जनावरें कान टवकारीत. दुसरा गिअर पडे, पण उतारावर आपण होऊन सुटे व दांडा न्यूट्रलवर येऊन डुलत राही. पुढचीं चाकें जोडण्याचा दांडा एकदां पडला म्हणजे निघतां निघत नसे. आणि ज्याच्यासाठीं अशी गाडी दारांत ठेवावयाची, तो ‘लो’चा गिअर तर मुळींच पडत नसे. शहरांतल्या एका मोठ्या कारखान्यांत गाडी दाखविली असतां तेथील मंडळींनीं दहा मिनिटांत निकाल दिला. बॉक्स गेला आहे, ट्रान्सफर केसहि गेली आहे. दोन्ही बदला, नाहीं तर गाडी भंगारांत घाला. बदलण्याचा जो आंकडा त्यांनीं कागदावर लिहून दिला, तो केळीच्या बागेंतून वर्षाकाठीं हातीं उरणाऱ्या रकमेच्या जवळ जाऊन पोंचत होता. घड उतरण्यास तीन आठवडे उरले होते. तेव्हां हा प्रश्न केवळ यंत्राचा राहिला नव्हता. घरांतल्या मोठ्या मंडळींचें मत, गाडी विकून मोकळें व्हावें. तरुणांचें मत, कर्ज काढून नवी घ्यावी. आणि ज्यांस रोज शेतावर जावें लागतें त्यांचें मत कोणींच विचारलें नव्हतें.

अर्धापुरांत एक वृद्ध मिस्त्री आहेत. त्यांस लहानथोर सर्व ‘चाचा’ म्हणतात. लिंबाच्या झाडाखालीं एक पत्र्याचें छप्पर, एक लोखंडी बाक, भिंतीवर खिळ्यांना अडकविलेले पाने आणि जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांनीं भरलेले तेलाचे डबे, एवढाच त्यांचा संसार. गाडी त्यांच्या दारांत उभी केली, पण ते बाकावरून उठले नाहींत. बसल्या जागेवरूनच त्यांनीं विचारलें,

“गुरुजी, पडंना का निघंना? का पडून सुटूलालाय? का नुसताच वरडूलालाय?”

आम्ही म्हटलें, “चाचा, चारही होतंय.”

“चार कसं हुईल? दांडं किती हायेत गाडीला?”

“तीन.”

“मंग येकेका दांड्याचं येगळं सांगा.”

ज्यांनीं सारा जन्म वर्गांत क्रियापदें शिकविण्यांत घालविला, त्यांस क्रियापदांचा हा उपयोग मोठा नवलाचा वाटला. पडणें, निघणें, सुटणें आणि ओरडणें. मराठींतले हे चार साधे शब्द. पण चाचांच्या हिशेबीं त्यांतला प्रत्येक शब्द गाडीच्या निराळ्या अवयवाकडे बोट दाखवितो. कोणता शब्द कोणत्या दांड्याला लागतो हें एकदां ठरलें, कीं अर्धें निदान पाना हातांत न धरतां होतें. वैद्य नाडी पाहण्यापूर्वीं रोग्याला बोलावयास लावतो, त्यांतलाच हा प्रकार म्हणावयाचा. मात्र येथें रोगी बोलत नाहीं, त्याच्या वतीनें मालक बोलतो, आणि मालकाला बहुधा घाई असते.

जीपला तीन दांडे कां, हें समजण्यासाठीं तिच्या कुळाकडे थोडें पाहिलें पाहिजे. १९४० सालीं अमेरिकन सैन्याला चारी चाकांनीं ओढणारी, टेहळणीच्या कामाची हलकी गाडी हवी होती. बँटम नांवाच्या लहानशा कंपनीनें तिचा पहिला नमुना तयार केला; पण पुढें युद्धकाळांत ज्या सहा लाखांहून अधिक गाड्या निघाल्या, त्या बहुतेक विलीज-ओव्हरलँड व फोर्ड ह्या दोघांनीं बांधल्या. युद्ध संपतांच १९४५ सालीं विलीजनें तीच गाडी, थोडे फेरफार करून, शेतकऱ्याच्या कामाची म्हणून विकावयास काढली. आपल्याकडे त्याच वर्षीं महिंद्र बंधु व गुलाम महंमद ह्यांनीं पोलादाच्या व्यापारासाठीं एक कंपनी स्थापन केली होती. तिनें १९४७ पासून मुंबईंत विलीजच्या जीपगाड्या जोडण्यास आरंभ केला. हे गुलाम महंमद पूर्वीं हैदराबाद संस्थानच्या अर्थखात्याचा कारभार पाहिलेले गृहस्थ होते. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ सालीं कंपनीच्या नांवांतला ‘महंमद’ जाऊन तेथें दुसरा ‘महिंद्र’ आला. त्याच सालीं १७ सप्टेंबरला हैदराबाद संस्थान शरण आलें, आणि मराठवाड्यांतील इतर गांवांप्रमाणें अर्धापूरहि निजामाच्या अमलांतून सुटलें. आमच्या खेड्यापाड्यांत जीप रुळली ती त्यानंतर. १९५२ सालच्या सामुदायिक विकास योजनेबरोबर ती गटविकासाच्या साहेबांची गाडी म्हणून आली. १९६२ सालीं जिल्हा परिषदा झाल्या तेव्हां सभापतींची म्हणून आली. १९७२ च्या दुष्काळांत खडी फोडण्याच्या कामांवर ती हजेरी घ्यावयास येई, आणि धुळीचा लोट दिसला कीं बाया-माणसें हातोडे उचलीत. आमची गाडी १९७४ सालची व सरकारी लिलावांत घेतलेली. तिचें मूळचें पेट्रोलचें इंजिन केव्हांच जाऊन त्या जागीं डिझेलचें आलें आहे. परंतु क्लचच्या मागची सारी रचना पूर्वीचीच आहे. पन्नास वर्षें चिखल तुडविल्यावर तिची कांहीं झीज झाली असेल तर तो दोष तिच्या कर्त्यांचा नव्हे, वयाचा आहे.

कुळकथा येथेंच पुरे. आतां रचनेविषयीं दोन शब्द. इंजिन व चाकें हीं एकमेकांस थेट जोडलेलीं नसतात. दोहोंच्या मधें क्लच असतो. दोन तळहातांत पिंपळाचें पान घट्ट धरावें, म्हणजे हात फिरले कीं पान फिरतें, आणि हात सैल केले कीं पान मोकळें राहतें. क्लचची प्लेट म्हणजे तें पान, आणि पेडल दाबणें म्हणजे हात सैल करणें. ह्या मोकळ्या क्षणांत गिअरबॉक्समधील एक दांतेरी चाक दुसऱ्याशीं भिडवावयाचें असतें. आमच्या जीपच्या बॉक्सांत पुढचे तीन व मागचा एक असे चार गिअर आहेत. पैकीं दुसऱ्या व तिसऱ्याला पितळेचीं कडीं असतात. तीं घर्षणानें दोन्ही भागांचा वेग प्रथम सारखा करितात, व मगच दांते एकमेकांत जातात. पहिल्याला व रिव्हर्सला ही सोय नाहीं. तेथें दांत्याची दांत्याशीं थेट गांठ असते. म्हणून ते गिअर गाडी उभी करून, क्लच पुरता दाबून, क्षणभर थांबून टाकावे लागतात. बॉक्सच्या पाठीशीं ट्रान्सफर केस असते, आणि उरलेले दोन दांडे तिचे. एकानें पुढचीं चाकें जोडावयाचीं. दुसऱ्यानें ‘हाय’ किंवा ‘लो’ निवडावयाचें. लो टाकला म्हणजे गाडीचा वेग पडतो, पण ओढण्याचा जोर सुमारें अडीचपट होतो. चिखलांत भरलेली ट्रॉली हलते ती ह्याच जोरावर.

चाचांनीं प्रथम ‘ओरडण्या’चा समाचार घेतला. इंजिन बंद करून त्यांनीं सगळे गिअर एकामागून एक टाकून पाहिले. सर्व विनातक्रार पडले. एकदोनदां दांत्यासमोर दांता आला तेव्हां गाडी हातानें किंचित् पुढें ढकलावी लागली, इतकेंच. नंतर इंजिन सुरू केलें, क्लच दाबून धरला, आणि मनांतल्या मनांत दहा अंक मोजून रिव्हर्स टाकला. तोच कर्कश आवाज. ह्या दोन कृतींना पांच मिनिटेंहि लागलीं नसतील. परंतु त्यांनीं कारखान्याचा अर्धा निकाल फिरविला. बॉक्सच्या आंतील चाकें किंवा फोर्क मोडले असते, तर बंद गाडींतहि गिअर अडला असता. केवळ चालकाची घाई असती, तर दहा अंक मोजेपर्यंत आंतलीं चाकें थांबून आवाज बंद झाला असता. इंजिन चालूं असतांनाच व थांबूनहि आवाज होतो, ह्याचा अर्थ पेडल दाबलें तरी पान दोन तळहातांतून पुरतें सुटत नाहीं.

“बॉक्स बिचारा काय करंल?” चाचा म्हणाले. “क्लच त्याला मोकळा सोडंना.”

मग त्यांनीं पेडल पायानें न दाबतां हातानें दाबलें. हा प्रकार आम्हीं पूर्वीं कोणास करतांना पाहिला नव्हता. पायाला जोर कळतो, पण जोर कोठें सुरू होतो हें हाताला कळतें. अशा गाडींत पेडल एक ते दीड इंच मोकळें चाललें पाहिजे, व नंतर क्लचचा विरोध लागला पाहिजे. आमचें पेडल जवळजवळ चार इंच नुसतेंच खालीं जात होतें. उरलेल्या चालींत क्लच अर्धाच सुटे. पेडलाची चाल क्लचपर्यंत नेणारी एक आडवी नळी गाडीखालीं असते. तिचें एक टोंक चासीला व दुसरें इंजिनाच्या मागील बेल हाउसिंगला टेंकलेलें असतें. तिचे बुश झिजून गेले होते, पिनांचीं भोंकें लांबट झालीं होतीं, आणि इंजिनाखालचें एक रबर बसल्यामुळें ती नळीच तिरपी झाली होती. इंजिन बदललेल्या गाड्यांत हें शेवटचें कारण वारंवार आढळतें. पण तें इंजिनाच्या बाजूला असल्यानें गिअरच्या तक्रारींत त्याकडे कोणी पाहत नाहीं. लेथवाल्याकडून बुश व पिना करून आणल्या, रबरें नवीं घातलीं, आणि चाल दीड इंचावर आणून ठेवली. मोकळी चाल अजिबात काढून टाकण्याचा मोह पुष्कळांस होतो. पण तसें केलें कीं क्लचचें बेअरिंग सतत घासत राहून जळतें, आणि प्लेट सरकूं लागते. आतां क्लच दाबून तीन अंक मोजले कीं रिव्हर्स मुकाट्यानें पडतो.

‘निघत नाहीं’ ह्या तक्रारीचें निदान आम्हांस सर्वांत मौजेचें वाटलें. पुढच्या चाकांचा दांडा अडकून बसला होता, आणि चाचा त्या दांड्याकडे ढुंकूनहि पाहत नव्हते. ते टायरांकडे पाहत होते. त्यांनीं खिशांतून सुतळी काढली, मागच्या चाकाचा घेर मोजून तिला गांठ मारली, आणि तीच सुतळी पुढच्या चाकाला लावली. गांठ दोन बोटें पुढें गेली. मागचे टायर गेल्या दिवाळींत नवे घातलेले, पुढचे झिजून गुळगुळीत झालेले. म्हणजे पुढचें चाक एका फेऱ्यांत दोन बोटें कमी चालतें. पुढचीं चाकें जोडलेलीं नसतील तर ह्यानें कांहींच बिघडत नाहीं. पण तीं जोडलीं कीं पुढचा व मागचा आंस एकाच बंधनांत येतात, आणि दोघांनीं सारखेच फेरे घ्यावे अशी सक्ति होते. चिखलांत चाक थोडें घसरतें व हिशेब मिटतो. डांबरी सडकेवर तें घसरूं शकत नाहीं. मग चऱ्हाटाला पीळ भरावा तसा ताण दोन्ही आंसांमधील शाफ्टांत भरत जातो, दांते एकमेकांवर आवळून बसतात, आणि दांडा निघत नाहीं. गाडी हांकणारा मुलगा शेतांतून निघाला म्हणजे दांडा तसाच ठेवून महामार्गावरून गांवांत येत असे. चाचांनीं गाडी दहा पावलें रिव्हर्स घेतली. पीळ उलटा फिरला, आणि जो दांडा दोन माणसांच्या जोरानें हलत नव्हता तो दोन बोटांनीं निघाला. चारहि टायर सारख्या झिजेचे ठेवावे, आणि सडकेला लागतांच पुढचीं चाकें सोडवावीं, ह्यापलीकडे त्या दुखण्याला औषध नाहीं. ट्रान्सफर केस ‘गेलेली’ नव्हती.

‘लो’ पडत नाहीं ह्या तक्रारीचा निकाल तर एका वाक्यांत लागला. ह्या ट्रान्सफर केसमध्यें दोन दांड्यांच्या सळ्यांमधें एक लहानसा अटकाव बसविलेला असतो. पुढचीं चाकें जोडल्याखेरीज तो लो पडूंच देत नाहीं. अडीचपट झालेला जोर एकट्या मागच्या आंसावर पडूं नये, तो चारी चाकांत वांटला जावा, म्हणून कर्त्यांनीं ही योजना करून ठेवली आहे. आमच्याकडे मात्र हांकणाऱ्यानें पुढचीं चाकें न जोडतां लो ओढण्याचा सपाटा लावला होता, आणि कोणा बलदंड माणसानें दांड्यावर पाइप चढवून जोर केल्यामुळें दांडा वांकलाहि होता. आधीं पुढचा दांडा, मग गाडी उभी करून लो, असा क्रम चाचांनीं त्या मुलाच्या हातून दोनदां करवून घेतला.

“हे दुखणं न्हाई गुरुजी,” ते म्हणाले, “हा कायदा हाय.”

वांकलेला दांडा ऐरणीवर सरळ करावयास जेवढा वेळ लागला, तेवढाच ह्या दुखण्याचा खर्च.

राहिलें ‘सुटणें’. येथें मात्र चाचांचा चेहरा प्रथमच गंभीर झाला. गिअर पडतो व पुन्हां सुटतो, ह्याचीं कारणें बाहेरहि असतात व आंतहि. बाहेरचीं आधीं पाहावयाचीं, हा त्यांचा नियम. बॉक्स व बेल हाउसिंग ह्यांना जोडणारे बोल्ट ढिले झाले असतील, किंवा इंजिनाचें रबर बसलें असेल, तर बॉक्स इंजिनाच्या सरळ रेषेंत राहत नाहीं, आणि उतारावर एक्सलरेटर सोडतांच ओढीची दिशा पालटून गिअर बाहेर फेंकला जातो. दोन बोल्ट ढिले निघाले. रबराचें सांगितलेंच आहे. तें सर्व केल्यावर सुटणें कमी झालें, पण थांबलें नाहीं. तेव्हां त्यांनीं बॉक्स गाडींतून न काढतां केवळ त्याचें वरचें झांकण उघडलें. गिअर सरकविणाऱ्या सळ्या व फोर्क ह्या झांकणांतच असतात, ही गोष्ट ज्यांस ठाऊक नसते ते सारा बॉक्स उतरवून ठेवतात. प्रत्येक सळईला खांचा असतात, आणि त्या खांचेंत स्प्रिंगच्या जोरानें बसणारी एक पोलादी गोळी गिअरला जागेवर धरून ठेवते. एक स्प्रिंग अगदीं मवाळ झाली होती. दुसऱ्या गिअरच्या फोर्कचीं टोंकें झिजल्यामुळें गिअर पुरता आंत जातच नव्हता. आणि अर्धवट भिडलेला गिअर सुटतो हें उघडच आहे. स्प्रिंगा बदलल्या, फोर्क चाचांच्या डब्यांत निघाला.

पण त्याच उघड्या झांकणांतून त्यांनीं आमचें बोट धरून दुसऱ्या गिअरच्या दांत्यांवर फिरविलें. चांगल्या दांत्याची कड बोटाला लागते. ह्या दांत्यांची कड लागत नव्हती. उतरण लागत होती. वर्षानुवर्षें अर्धवट भिडून त्या कडा घासल्या गेल्या होत्या, आणि भार आला कीं त्या उतरणीवरूनच गिअर मागें सरकणार. ह्याला झांकणांतून उपाय नाहीं. त्यासाठीं बॉक्स उतरविलाच पाहिजे. म्हणजे चार तक्रारींपैकीं साडेतीन बॉक्सच्या बाहेरच्या निघाल्या, आणि अर्धी मात्र खरोखरच आंतली होती. एवढ्या अर्ध्या तक्रारीवरून कारखान्यानें सगळीचा निकाल केला होता. तेथील मंडळी लबाड होतीं असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांनीं एक क्रियापद ऐकलें व त्याला योग्य तें उत्तर दिलें. शिवाय बॉक्स बदलण्याचें बिल करतां येतें. रिव्हर्स घेऊन दांडा सोडविण्याचें बिल कसें करणार? सुशिक्षित माणसालाहि मोठ्या बिलावर जितका विश्वास बसतो तितका लहानशा प्रश्नावर बसत नाहीं. ज्यानें पांच प्रश्न विचारून गाडी परत दिली त्या मिस्त्रीला ‘कांहीं केलें नाहीं’ असें म्हणणारे लोक आमच्या ओळखीचे आहेत.

तेलाविषयीं सांगावयाचें राहिलें. बॉक्सचा बूच काढून चाचांनीं बोट आंत घातलें तेव्हां तें ताकासारखें पांढुरकें होऊन बाहेर आलें. नाल्याच्या पाण्यांतून गाडी घातली कीं पाणी आंत शिरतें, आणि तेल व पाणी घुसळून हा प्रकार होतो. ह्या जातीच्या गाड्यांत बॉक्स व ट्रान्सफर केस ह्यांमधील बंदोबस्त जुना झाला म्हणजे एकीचें तेल दुसऱ्यांत जाऊं लागतें. म्हणून एकाच बुचाकडे पाहून चालत नाहीं, दोन्ही पाहावे लागतात. दोन्हींकडचें तेल काढून ९० नंबरचें नवें घातलें. त्यांतहि चाचांनीं डब्यावर जीएल-५ ऐवजीं जीएल-४ लिहिलेलें पाहून घेतलें. डिफरन्शियलसाठीं जें तीव्र तेल करितात, त्यांतील गंधकयुक्त द्रव्यें पितळेच्या कड्यांस बाधूं शकतात. चाचांस इंग्रजी वाचतां येत नाहीं. पण ४ व ५ ह्या आंकड्यांतला भेद ते डब्यावर बोट ठेवून दाखवितात.

सर्व मिळून तीन दिवस लागले, आणि खर्च कारखान्याच्या आंकड्याच्या दहाव्या हिश्श्याच्याहि आंत राहिला. पैकीं निम्मा लेथवाल्याचा व तेलाचा.

चाचांचा मुलगा शेजारींच नव्या गाड्यांचें काम करितो. त्याच्याजवळ हातांत मावेल असें एक यंत्र आहे. तें गाडीला जोडलें कीं पडद्यावर दोषाचा क्रमांक उमटतो. आजच्या पुष्कळ चारचाकी ओढीच्या गाड्यांत दांडे नसतात. एक बटण फिरविलें कीं लहानशी विजेची मोटर तेंच काम करिते. आम्ही तेथें असतां अशी एक गाडी आली. क्रमांकाचा अर्थ असा निघाला कीं मोटर आपल्या ठरलेल्या जागेपर्यंत पोंचत नाहीं. मुलगा मोटर बदलण्याचा भाव सांगूं लागला. चाचा बाकावरूनच म्हणाले, “आरं, पडंना का निघंना, ते इचार आधी.” निघत नव्हता. मुलगा क्षणभर थांबला, आणि मग टायरांकडे पाहूं लागला. बाप-लेकांत ह्यावरून पुढें जें बोलणें झालें तें येथें देण्यासारखें नाहीं.

अशा जुन्या गाड्यांचे दिवस आतां मोजकेच आहेत. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी रद्द होऊं लागली. तेव्हां सरकारी आवारांतून लिलावांत व लिलावांतून शेतकऱ्याच्या गोठ्यांत येण्याची जीपची जुनी वाट बुजली. खाजगी गाडीलाहि पंधरा वर्षांनंतर दर पांच वर्षांनीं तपासणी व नवी नोंदणी करून घ्यावी लागते. सुटे भाग दुकानांत मिळेनासे होत आहेत. ते मिळतात मोडलेल्या गाड्यांतून. चाचांच्या डब्यांत अशा एका मोडींत निघालेल्या जीपचा दुसरा गिअर व दोन पितळेचीं कडीं वर्तमानपत्रांत गुंडाळून ठेवलेलीं आहेत. त्यांच्या दांत्यांवरूनहि त्यांनीं आमचें बोट फिरविलें, कड लागली.

बॉक्स लगेच उतरवावा असें आमचें म्हणणें होतें. चाचांनीं तें मानलें नाहीं. बॉक्स उतरला कीं गाडी आठ दिवस उभी, आणि घड तर कापणीला आलेले. लो पडतो आहे, रिव्हर्स पडतो आहे, शेतांतलें काम सारें पहिल्या गिअरमध्यें व लोमध्यें चालतें. दुसरा लागतो तो सडकेवर, आणि तेथें सुटला तर ब्रेक आहे. असा त्यांचा हिशेब. त्याप्रमाणें गेले दोन आठवडे रोज तीन-चार खेपा करून घड सडकेपर्यंत येत आहेत. बॉक्स पोळा झाल्यावर उघडावयाचा ठरला आहे. तोंवर ओढ्याच्या उतारावर हांकणाऱ्या मुलास दुसऱ्या गिअरचा दांडा एका हातानें धरून ठेवावा लागतो.